बिनधुराचं चुलवाण

"टायर?" पिराजीनं कवळाभर चिपाड तिथंच खाली आपटलं. "मालक, काय बोलतायसा त्येचं भान हाय न्हवं? ह्या चुलवाणात टायर?"

"हळू बोल की मर्दा, सगळं गुऱ्हाळ ऐकतंय," हंबीरराव म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. साहेब येतील, धुराड्याला यंत्र लावतील, धूर मोजतील आनि जातील."

"आनि मोजायला धूर न्हाय म्हणून आपुन तो मुद्दाम करायचा?"

"आता कसं बरोबर बोललास!"

पिराजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आगीचं त्याला अप्रूप नव्हतं, सगळी हयात आगीच्या तोंडाशी बसून काढलेला माणूस तो. पण ही आग निराळी होती.

उचगावाच्या पुढं, ओढ्याच्या कडेला हंबीररावांचं गुऱ्हाळ आणि पिराजी तिथला जाळव्या. गूळ खाणारे लोक गुळव्याचं कौतुक करतात. काहिलीतला रस कधी उतरवायचा ते गुळव्या सांगतो ना, म्हणून त्याला मान, त्याला पहिला चहा. पण त्या काहिलीखाली जमिनीत जी भली थोरली भट्टी असते, जिला चुलवाण म्हणतात, तिच्या तोंडाशी बसून दिवसभर उसाचं चिपाड आत सारणाऱ्या जाळव्याला कोण विचारतंय? शहरातनं आलेली पावणी मंडळी गरम गूळ चाटतात, काकवीच्या बाटल्या भरून नेतात आणि फोटो काढताना जाळव्याला म्हणतात, "मामा, जरा बाजूला सरका की." असू दे. जाळ चुकला तर गुळव्याचा आजासुद्धा गूळ वाचवू शकत नाही, हे गुळव्याला माहीत असतं आणि जाळव्यालाही. तेवढं पुरे.

आणि हे चुलवाण पिराजीचं होतं. जागा हंबीररावांची, विटा हंबीररावांच्या, पण चुलवाण पिराजीचं. त्याआधी अकरा वर्षं तो पलीकडच्या मळ्यातल्या गुऱ्हाळावर होता. तिथं चिपाड पुरायचं नाही, मग मालक जुने टायर आणून टाकायचा. टायरनं जाळ भसाभसा लागतो, ते खरं. पण धूर? डांबरासारखा काळा, नाकाघशात चिकटून बसणारा. पिराजी घरी गेला की त्याची तीन वर्षांची लेक मांडीवर यायची नाही. "आण्णा, घाण वास येतोय," म्हणायची आणि पळायची. बायको, शालूबाई, तोंडानं काही बोलायची नाही, पण त्याची कापडं वेगळी धुवायची. एक दिवस तो ओढ्याच्या पाण्यात थुंकला तर थुंकी काळी. त्याच दिवशी त्यानं ते काम सोडलं. पुन्हा टायरला हात लावायचा नाही, असं ठरवूनच तो हंबीररावांकडं आला.

मग दर वर्षी हंगाम संपला की हा गडी चुलवाणात उतरायचा. बाकीचे जाळवे लग्नं खात हिंडायचे आणि हा आत राखेत बसून विटा काढायचा, पुन्हा रचायचा. फौंड्रीच्या भंगारातनं बिडाच्या पट्ट्या आणून त्यानं तळाला जाळी केली. बाजूनं हवेची भोकं पाडली. घशात एक पायरी घातली, म्हणजे जाळ पळून न जाता काहिलीला बिलगून राहतो. धुराड्याकडं वाया जाणाऱ्या धगीवर दुसरी लहान काहील बसवली, त्यात कच्चा रस आधीच तापायचा. एक वर्ष पायरी उंच झाली, जाळ उलटा तोंडातनं बाहेर आला आणि पिराजीच्या भुवया गेल्या. पुढच्या वर्षी पायरी चार बोटं खाली आली. असं करत करत वीस हंगाम गेले आणि चुलवाणाचा धूर संपला. जाळ बसला की धुराड्यातनं नुसती हवा थरथरताना दिसायची. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "आज गुऱ्हाळ बंद हाय काय?" ह्या प्रश्नाएवढं पिराजीला दुसरं काही गोड वाटायचं नाही. वर चिपाड शिल्लक उरायचं, ते वेगळंच.

म्हणून तर सरकारचं 'निर्धूर गुऱ्हाळ अभियान' आलंय म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद पिराजीलाच झालता. धुरानं हवा बिघडतीय, पृथ्वी तापतीय, पाऊस येडा झालाय, तेव्हा गुऱ्हाळांचा धूर कमी करायचा. ह्यात वंगाळ काय हाय? "लई ब्येस काम," तो शालूबाईला म्हणाला. "आता पलीकडच्या मळ्याचा तरी बंदोबस्त हुईल."

अभियानाचं काम एका संस्थेकडं होतं. तिचा विश्वजित नावाचा साहेब पहिल्यांदा बघायला आला, बरोबर तेजस्वी नावाची इंजिनिअर पोरगी. तेजस्वीला पिराजी ओळखत होता. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कामासाठी ती चार दिवस इथं आलती, ओढणी कमरेला बांधून चुलवाणात उतरलती आणि वहीत मापं घेऊन गेलती. आजही ती आल्या आल्या वाकून आत बघायला लागली. विश्वजितनं मात्र धुराड्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"काका, चुलवाण झकास आहे तुमचं. पण अभियानात बसत नाही."

"का? धूर न्हाय म्हणून?" पिराजी चेष्टेनं म्हणाला.

"हो," विश्वजित म्हणाला. हसला नाही काही नाही, सरळ हो म्हणाला. "असं बघा, आम्हाला वर दाखवायचं असतं, की आधी अमुक इतका धूर होता आणि आमच्यामुळं तो इतका कमी झाला. तुमच्याकडं मुळात धूरच नाही. मग आम्ही कमी काय करणार?"

"मग नका करू कमी. नुसता निर्धूरचा शिक्का द्या आमाला."

"शिक्का मंजूर नमुन्याच्या चुलवाणालाच मिळतो. हे जुनं पाडायचं, नवीन नमुन्याचं बांधायचं, मग शिक्का."

"आनि पलीकडचं टायरवालं?"

"ते पहिल्याच यादीत आहे. त्यांचा धूर फार चांगला आहे."

आता बोला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्यालाच. इथं तर चोराच्या गळ्यात हार घालून संन्याशाला विचारत होते, तू चोरी का केली नाहीस म्हणून. तेजस्वी हळूच म्हणाली, "सर, हे चुलवाण आधीच..." पण विश्वजितनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती वही मिटून बाजूला झाली.

ही झाली मागची गोष्ट. आणि आता हंबीरराव टायर जाळ म्हणत होते. कारण बाजारातल्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता, पुढच्या हंगामापासनं शिक्का असेल तरच गुळाचे रवे उचलणार, माल परदेशात जातो, तिथं विचारतात. आणि यंत्रात धूर दिसल्याशिवाय शिक्क्याच्या यादीत नाव लागत नव्हतं. हंबीरराव माणूस वाईट नव्हता. शिक्क्याशिवाय गुऱ्हाळ बंद पडेल ही भीती खरीच होती. पण भित्र्या माणसाइतका दगा वाईट माणूससुद्धा देत नाही.

"आनि यंत्रानं धूर दावला की हे चुलवाण पाडायचं," पिराजी म्हणाला.

"पाडायचं आनि नवं बांधायचं. जाळव्या तूच. तुला काय कमी पडतंय?"

"मालक, हे मी पोरागत वाढवलंय. आधी त्येच्या तोंडाला काळं फासायचं आनि मग त्येला मारायचं, व्हय? आनि दोनी कामं मीच करायची?"

"तू न्हाय केलंस तर दुसरा जाळव्या आणतो," हंबीरराव तोंड फिरवून म्हणाले. "नऊ घरं जगतात ह्या गुऱ्हाळावर. तुझ्या हट्टापायी त्येंच्या चुली इझवू काय?"

घरी येऊन पिराजी भाकरी समोर घेऊन नुसता बसला. शालूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"जाळा एक दिस," ती म्हणाली.

"तू म्हंतीस हे? तू?"

"मीच म्हंतीया. दुसरा कोनबी येऊन जाळंल, त्येला काय माया? तुमी असलासा तर निदान जपून तरी जाळशीला." मग भांडी आपटत तिनं मनातलं बोलून टाकलं, "मेल्यास्नी येक दिस त्या धुरात कोंडून ठेवाया पायजे. मग कळंल मंजूर नमुना!"

पिराजी कबूल झाला, पण एका अटीवर. त्या दिवशी काहिलीत रस पडणार नाही, नुसतं पाणी उकळेल. टायरच्या धगीवर गूळ करून लोकांच्या पोराबाळांच्या तोंडात मी घालणार नाही, असं त्यानं ठणकावून सांगितलं. हंबीररावांनी मान हलवली. ट्रॉलीभर टायरचे तुकडे आदल्या दिवशीच येऊन पडले होते.

मोजणीच्या दिवशी धुराड्याला शिडी लागली, तेजस्वीनं वर चढून यंत्राची नळी आत सोडली. विश्वजित गाडीला टेकून उभा. पिराजीनं आधी चिपाडावर जाळ धरला, मग लोखंडी आकडीनं टायरचा पहिला तुकडा आत सारला. दुसरा सारला, तिसरा सारला. चुलवाणानं पहिल्यांदा एक काळी गुळणी टाकली. पिराजीनं डोळे मिटले.

उघडून बघतोय तर धुराड्यावर धूर नाही!

म्हणजे होता, अगदीच नव्हता असं नाही. पण करडा, पातळ, वाऱ्यानं लगेच फाटणारा. खालनं जाळीतनं हवा, बाजूनं भोकांतनं हवा, आणि मधी पायरीला अडून गरगरणारा जाळ. चुलवाणानं टायरलासुद्धा पार चघळून टाकलं होतं. गुऱ्हाळावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गुळव्या म्हणाला, "आयला, पिराजी, हे टायर बी पचवतंय!"

"किती दाखवतंय?" विश्वजितनं विचारलं.

"सर, कमीच आहे," तेजस्वी वरनं म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, ते तिला लपवता आलं नाही. "मर्यादेच्या आत आहे."

"काका, अजून टाका."

पिराजीनं अजून टाकले. यंत्र हलेना. विश्वजितच्या कपाळावर आठ्या आल्या. मग तो पुढं आला, चुलवाणाभोवती एक चक्कर मारली आणि हंबीररावांच्या कानाशी लागला. हंबीररावांनी स्वतः घमेल्यात चिखल कालवून आणला आणि पिराजीसमोर ठेवला.

"ती हवेची भोकं तेवढी बुजव," ते खाली बघत म्हणाले.

पिराजीनं घमेल्याकडं बघितलं. मग एक गोळा उचलला, पहिल्या भोकाशी वाकला. आतला जाळ त्याला दिसत होता, पिवळाजर्द, स्वच्छ. हे भोक पाडायला त्याला अख्खा उन्हाळा लागला होता, कारण किती तिरकं पाडायचं तेच कळत नव्हतं. चार वेळा चुकलं होतं. आणि आता साहेबाच्या कागदावर धूर उमटावा म्हणून त्यानंच ते लिंपायचं? त्याच्या हातातला चिखल गळून पडला. आणि मग पिराजीचा जो बांध फुटला, तो फुटलाच.

"धूर पायजे?" तो ओरडला. "तुमास्नी धूर पायजे न्हवं? थांबा, देतो!"

त्यानं आकडी आत घातली आणि पेटलेल्या टायरचा एक मोठा तुकडा ओढून बाहेर काढला. तसाच फरफटत अंगणात आणून विश्वजितच्या गाडीसमोर टाकला. मागनं दुसरा, मग तिसरा. चुलवाणाबाहेर आल्याबरोबर टायरनं आपली जात दाखवली. काळे लोट उठले, अंगण दिसेनासं झालं. विश्वजित तोंडाला रुमाल लावून रस्त्याकडं पळाला, हंबीरराव खोकत खोकत चिपाडाच्या ढिगामागं गेले. आणि त्या काळ्या लोटात, आकडी उगारून, पिराजी एकटा उभा राहून बोंबलत होता.

"मोजा! मोजा की आता! पळताय कुटं? ह्योच आवडतो न्हवं तुमाला धूर? मी वीस वरसं मरमर मरून घालिवला, तुमाला तो परत पायजे! आरं, आजार म्हशीला आनि इंजेक्शन पखालीला देताय, आनि वर पखालीनंच ताप आणायचा म्हंताय!"

आकडी फेकून तो घरी निघून गेला. अंगाला रबराचा वास मारत होता, पण मन मोकळं झालं होतं. यंत्र धुराड्यावर होतं, अंगणात नव्हतं. यंत्रानं स्वच्छ दाखवलं होतं आणि ते तेजस्वीनं लिहूनही घेतलं होतं. म्हणजे चुलवाण वाचलं. आपली नोकरी गेली तर गेली, ढेकळात गेली! शालूबाईनं पाणी तापवून दिलं आणि तो घासून घासून अंघोळ करत बसला.

आठव्या दिवशी हंबीरराव पेढे घेऊन दारात उभे.

"मंजूर झालं की रं!" पिराजीला मिठीच मारली त्यांनी. "तुझ्यामुळं झालं, मर्दा! मी तुला काय काय बोललो, इसरून जा."

"काय मंजूर झालं?"

"आपलं गुऱ्हाळ! आरं, यंत्र न्हाय बोललं तर फोटो चालतोय म्हनं. तू त्या दिवशी आंगणात टायर काढून टाकलास, तवा साहेबांनी रस्त्यावरनं फोटो मारला. मागं गुऱ्हाळ, फुडं काळाकुट्ट धूर. अभियानाच्या अ‍ॅपवर टाकला आनि एका फटक्यात पास! परवा जेसीबी येतोय. त्येच दिवशी तुमा जाळव्यांचं ट्रेनिंग हाय कागलला, तू तिकडं जा. इकडचं तुला बघवायचं न्हाय."

पेढा पिराजीच्या हातात तसाच राहिला. भोकं बुजवून जे साधायचं होतं, ते त्याच्या रागानंच साधून दिलं होतं. त्यानंच धूर ओढून बाहेर काढला होता, त्यानंच गाडीसमोर नेऊन मांडला होता, आणि वर मोजा मोजा म्हणून बोंबललाही होता. हंबीरराव गेल्यावर त्यानं पेढा उंबऱ्याबाहेर भिरकावला आणि स्वतःच्या कानफटात मारून घेतली. शालूबाईनं हात धरला नसता तर दुसरीही मारून घेतली असती.

"मी ट्रेनिंगला जानार न्हाय," तो म्हणाला.

"जावा," शालूबाई म्हणाली. "बघा तरी नवं चुलवाण कसलं हाय ते. न बघता नावं ठेवू नका."

हे पिराजीला पटलं. माणूस तापट होता, पण खोटा नव्हता. आपल्यापेक्षा चांगलं काही कुणी केलं असेल तर ते बघायची त्याला हौस होती. जाताना तो म्हणाला, "खरंच चांगलं आसंल तर मी त्या माणसाच्या पाया पडंन. आपलं पाडल्याचं दुःख न्हाय मग."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका हॉलात ट्रेनिंग होतं. जिल्ह्यातले चाळीसभर जाळवे खुर्च्यांवर अवघडून बसलेले. वर 'हरितगृह वायू घटवूया, वसुंधरा वाचवूया' असा फलक. एसी इतका गार, की उभा जन्म आगीपुढं काढलेली माणसं काखेत हात घालून कुडकुडत होती. तेजस्वी दारात सह्या घेत होती. पिराजीला बघून ती उठून उभी राहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण विश्वजितनं हाक मारली आणि ती गेली.

दिवे गेले, पुढच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला. पहिलं चित्र आलं. काळा धूर, मागं गुऱ्हाळ, आणि धुराच्या मधोमध आकडी उगारलेला, तोंड वासलेला पिराजी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जुनी अशास्त्रीय पद्धत'.

हॉल खदखदून हसला. मागनं कुणीतरी ओरडलं, "पिराजी, हिरो झालास की गड्या!"

"अज्ञानामुळं आपले बांधव अजूनही असं करतात," विश्वजित म्हणाला. "त्यांना दोष देऊ नका. आता हा बघा आपला नवीन नमुना."

दुसरं चित्र आलं. पिराजी पुढं झुकला, डोळे बारीक करून बघायला लागला. चुलवाणाचा उभा छेद होता. तळाला पट्ट्यांची जाळी. बरं केलंय, त्याच्या मनात आलं. घशात पायरी. वा! शेपटाला, धुराड्याकडं, दुसरी लहान काहील. मग त्याचं लक्ष हवेच्या भोकांकडं गेलं. डावीकडं सात, उजवीकडं सहा. त्यानं पुन्हा मोजली. सात आणि सहा.

"डावीकडं सात आणि उजवीकडं सहा झरोके," विश्वजित काठीनं दाखवत म्हणाला, "हे मुद्दाम ठेवलेत. हवेचा तोल साधण्यासाठी. ह्यामागं बराच अभ्यास आहे."

"धोंडा हाय तिथं!"

सगळ्यांनी वळून बघितलं. पिराजी उभा राहिला होता.

"उजव्या अंगाला जमिनीत काळा धोंडा हाय, धोंडा! म्हशीएवढा! पहारीनं फुटंना म्हणून सातवं भोक ऱ्हायलं माझं! कसला तोल आनि कसला अभ्यास? माझं चुलवाण हाय हे! धोंड्यासकट उचललंयसा!"

हॉलमधलं हसणं थांबलं. तेजस्वी भिंतीपाशी उभी होती, तिचे डोळे भरले होते.

"काका, मापं मीच काढली होती," ती म्हणाली. "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. पण मी तुमचं नाव घातलं होतं. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात. इथं नोकरीला लागताना वही ह्यांच्याकडं दिली."

"मग कुटं गेलं नाव?"

तिनं विश्वजितकडं बघितलं. सगळ्या हॉलानं बघितलं.

"काका, बसा," विश्वजित म्हणाला. "मंजूर नमुन्यावर व्यक्तीचं नाव घालायची पद्धत नाही. आणि विचार करा, तुमचीच कल्पना आता जिल्हाभर जाणार. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे."

"आनंद?" पिराजीचा आवाज चिरकला. "आरं, ह्येच चुलवाण बांधायला तुमी ह्येच चुलवाण पाडाय लागलाय! पोरी, फोन लाव. मालकाला फोन लाव, थांबीव म्हणावं ते जेसीबी!"

तेजस्वीनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडनं इंजिनाची घरघर आली, मग हंबीररावांचा खुशीतला आवाज. "झालं की, बाई! आत्ताच झोपवलं. कसलं चिवट बांधलंतं बेण्यानं, तासभर दाद दीना! साहेबांना सांगा, पाडल्याचा फोटो टाकलाय."

विश्वजितच्या खिशातला फोन टिंग करून वाजला. त्यानं तो बाहेर काढला नाही.

पिराजी खुर्च्यांमधनं वाट काढत पुढं गेला. कुणी अडवलं नाही. टेबलावर जाड काळं पेन पडलं होतं, ते त्यानं उचललं. भिंतीवर त्याचं चुलवाण पडलं होतं, उजेडाचं. त्याच्या अंगावर, हातावर, तोंडावर जाळीच्या आणि भोकांच्या रेषा उमटल्या.

"काका, काका, भिंतीवर नको," विश्वजित म्हणाला. "कालच रंग दिलाय."

पिराजीला लिहायला फारसं येत नव्हतं, सहीपुरतं येत होतं. ती सही त्यानं चुलवाणाच्या बरोबर घशावर, हातभर मोठ्या अक्षरांत, पेन दाबून दाबून केली. पिराजी संतू चौगुले. विश्वजितनं धावत जाऊन प्रोजेक्टर बंद केला. नमुना भिंतीवरनं गेला. दिवे लागले आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर नाव तेवढं राहिलं.

पिराजी मागं वळला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. पेन विश्वजितच्या पायाशी टाकलं आणि भिंतीकडं बोट केलं.

"घाला," तो म्हणाला. "आता ह्येच्यावर बी जेसीबी घाला."